प्रेह विहिअरला आत्ता जावं का, आणि पुढे कधी गेलात तर ते कसं बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: येत्या हिवाळ्यात अंगकोरला जाताय, सोबत 68 वर्षांच्या आई आणि कॉलेजातला मुलगा, आणि त्यातच थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवरचं प्रेह विहिअरचं शिवमंदिरही बसवायचंय. तुमच्या मावसभावाने 2007 मध्ये ते थायलंडच्या बाजूने चढून बघितलं होतं, म्हणून तुम्हीही बँकॉकहून गाडी करायची, तिकडून वर चढायचं आणि पलीकडे कंबोडियात उतरून थेट सिएम रीप गाठायचं असा विचार आहे. मराठी मंडळींना आग्नेय आशियातली देवळं दाखवायला नेणं हेच माझं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी हो-नाहीचं सांगून टाकते. थायलंडच्या बाजूने आता वर जाता येत नाही. 2008 च्या जूनमध्ये तो दरवाजा बंद झाला तो झालाच. मावसभाऊ गेले तेव्हाही तिकडून फक्त दिवसभराचा पास मिळायचा, बघायचं आणि आल्या वाटेने परत जायचं, पलीकडे उतरून पुढचा प्रवास करायची सोय नव्हतीच. गेली कितीतरी वर्षं हे देऊळ बघायचं म्हणजे कंबोडियातून, सिएम रीपहून गाडीने, अशीच वाट होती. आणि आत्ताच्या घडीला मी त्या वाटेनेही कुणाला नेत नाहीये, तुम्हालाही जा म्हणणार नाही.

कारण 2025 साली तिथे पुन्हा लढाई झाली. मे महिन्याच्या शेवटी पूर्वेकडच्या टोकाला, जिथे थायलंड, लाओस आणि कंबोडिया मिळतात तिथे, चकमकीत एक कंबोडियन सैनिक गेला, मग सरहद्दीवरची नाकी एकेक करून बंद होत गेली, आणि 24 जुलैला ता मुएन थॉम नावाच्या दुसऱ्या एका ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियन राजांच्या काळच्या, देवळापाशी गोळीबार सुरू होऊन पाच दिवस तोफा, रॉकेट, विमानं सगळं वापरून झालं. मलेशियात बसून युद्धविराम झाला, ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला मोठा गाजावाजा करून करारावर सह्या झाल्या, नोव्हेंबरमध्ये सुरुंगावर पाय पडून थाई सैनिक जखमी झाले तसा तो करार थायलंडने थांबवला, डिसेंबरमध्ये परत लढाई पेटली आणि 27 डिसेंबरला परत युद्धविराम. दोन्हीकडची लाखो माणसं घरदार सोडून छावण्यांत राहिली. हे एवढ्यासाठी सांगतेय की युद्धविरामाची बातमी आली म्हणजे देऊळ उघडलं असं होत नाही, तुमचे चार महिने आधी काढलेले तिकीट आणि तिथली परिस्थिती यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

बँकॉकहून रस्त्याने सिएम रीपला जायचा जो पूर्वीचा सोपा मार्ग, अरण्यप्रथेट-पोइपेट नाक्यावरून, तोही याच भांडणात बंद पडला. म्हणून बँकॉक करायचंच असेल तर पुढे विमानानेच जा. सिएम रीपचा नवीन विमानतळ ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालाय, तो शहरापासून 40-45 किलोमीटर लांब आहे, हॉटेलवाल्याला आधीच गाडी पाठवायला सांगा. आईंना घेऊन तिथे टॅक्सीसाठी घासाघीस करत उभं राहायला नको.

आता मुद्द्याचं. लोक मला विचारतात की एवढं काय आहे त्या देवळात, दोन देश त्याच्यासाठी भांडतायत. याचं उत्तर ते देऊळ जिथे आहे त्या जागेतच आहे, आणि ते नीट समजलं तरच ते बघण्यात मजा आहे, नाहीतर अंगकोरची ता प्रोम, बायोन ही देवळं झाल्यावर अजून एक पडकं देऊळ एवढंच वाटेल.

दांग्रेक म्हणून पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगररांग आहे. उत्तरेकडून, म्हणजे थायलंडच्या पठारावरून, ती हळूहळू चढत येते आणि दक्षिणेला एकदम तुटते, खाली 500 मीटरहून जास्त खोल कडा आणि मग कंबोडियाचा सपाट मुलूख. आपला घाटमाथा डोळ्यांसमोर आणा, देशावरून चालत गेलं तर कळतही नाही आपण चढतोय ते आणि पुढे कोकणात सरळ कोसळतं, अगदी तसं. आता त्या कड्याच्या अगदी टोकावर गाभारा, आणि तिथून उत्तरेकडे उतरत्या अंगाला जवळजवळ 800 मीटर लांब एका रेषेत पायऱ्या, फरसबंद वाट, गोपुर, परत वाट, परत गोपुर असं ते देऊळ पसरलंय. ख्मेर देवळं बहुतेक पूर्वेला तोंड करून असतात, अंगकोर वाट पश्चिमेला, हे मात्र उत्तरेला, कारण चढ उत्तरेकडूनच आहे आणि भक्ताने चढत चढत शिखरावरच्या शंकरापाशी पोचायचं हीच त्या जागेची कल्पना. देवाचं नावच शिखरेश्वर.

म्हणजे झालं काय, की दार थायलंडकडे आणि पाठ कंबोडियाकडे. ज्या काळात बांधलं तेव्हा दोन्हीकडे एकच राज्य होतं, आजच्या थायलंडमधल्या फिमाईपर्यंतचं पठार ख्मेर राजांचंच होतं, त्यामुळे कुणाला प्रश्न पडला नाही. प्रश्न पडला 1904 मध्ये, जेव्हा सयाम (म्हणजे तेव्हाचं थायलंड) आणि कंबोडियावर राज्य करणारे फ्रेंच यांनी ठरवलं की या भागातली सीमा पाणलोटाप्रमाणे धरायची, म्हणजे पावसाचं पाणी ज्या धारेवरून उत्तरेला आणि दक्षिणेला वेगळं होतं ती धार म्हणजे सीमा. तसं काटेकोर धरलं तर देऊळ सयामकडे जाऊ शकतं. पण प्रत्यक्ष नकाशे फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केले, 1907 मध्ये, आणि त्यात रेषा अशी काढली की देऊळ कंबोडियात. ते नकाशे सयामला 1908 मध्ये मिळाले, त्यांनी हरकत घेतली नाही, उलट अजून प्रती मागवल्या. 1930 मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग तिथे गेले तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच झेंडा लावून त्यांचं स्वागत केलं, तेव्हाही काही म्हटलं नाही. फ्रेंच गेल्यावर 1954 मध्ये थाई सैन्य देवळात येऊन बसलं, कंबोडिया 1959 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि 15 जून 1962 ला 9 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला की देऊळ कंबोडियाच्या हद्दीत. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं, इतकी वर्षं नकाशा मान्य असल्यासारखे वागलात, आता पाणलोटाचं काढून चालणार नाही. थायलंडने देऊळ सोडलं, पण झेंडा खाली उतरवला नाही, काठीसकट उचलून समोरच्या, थायलंडच्या हद्दीतल्या फा मो इ डेंगच्या कड्यावर नेला. या एका गोष्टीवरून तिकडच्या भावना किती तीव्र आहेत ते कळतं.

निकालाने देवळाचं ठरलं, आजूबाजूच्या जमिनीचं राहिलं. साधारण 4.6 चौरस किलोमीटरचा तो तुकडा. 7 जुलै 2008 ला युनेस्कोने देवळाला जागतिक वारसा केलं आणि तिथून परत ठिणगी पडली, 2009 मध्ये पायथ्याच्या पायऱ्यांजवळचा बाजार जळला, फेब्रुवारी 2011 मध्ये चार दिवस तोफा चालल्या आणि देवळाच्या दगडालाही मार बसला. कंबोडिया परत हेगला गेला आणि 11 नोव्हेंबर 2013 ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की ते देऊळ ज्या डोंगराच्या सोंडेवर आहे ती अख्खी सोंड कंबोडियाची, शेजारची टेकडी मात्र त्यात धरलेली नाही. त्या खंडपीठावर आपले दलवीर भंडारीही होते, जे आधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

हे सगळं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे "वादग्रस्त" या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. प्रेह विहिअर कुणाचं याचा निकाल दोनदा लागलेला आहे. ता मुएन थॉम, ता मुएन तोच, ता क्राबेइ ही पश्चिमेकडची देवळं मात्र खरोखर अनिर्णित आहेत, त्यांच्यासाठी आणि तिठ्यावरच्या त्या पट्ट्यासाठी कंबोडिया जून 2025 मध्ये परत हेगच्या न्यायालयाकडे गेला आणि थायलंड म्हणतो आम्हाला त्या न्यायालयाचा अधिकारच मान्य नाही. तुमच्या मुलाने यादीत ता मुएन थॉमही घातलंय, त्याला सांगा ते पूर्ण विसर. देऊळ अप्रतिम आहे हे खरं, गाभाऱ्यात खडकातूनच वर आलेलं स्वयंभू लिंग आहे, त्यावरचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ अजून दिसते, आणि अंगकोरहून फिमाईला जाणाऱ्या जुन्या राजरस्त्यावर ते बरोबर घाटाच्या तोंडाशी बसलंय, शेजारीच सातव्या जयवर्म्याच्या काळची धर्मशाळा आणि आरोग्यशाळेचं देऊळ. या राजाने 102 आरोग्यशाळा आणि 121 धर्मशाळा चालवल्या हे शिलालेखांत नोंदलेलं आहे, त्यातली एक जोडी इथे एकत्र बघायला मिळते. पण 2025 ची गोळी तिथेच सुटली. तिथे पर्यटक म्हणून जाऊन उभं राहणं मला पटत नाही, सुरक्षिततेच्या दृष्टीने नाहीच आणि ज्यांची घरं त्यात गेली त्यांच्या दृष्टीनेही नाही.

बरं, आता समजा वर्षा-दोन वर्षांत सगळं निवळलं, कंबोडियाने देऊळ परत पर्यटकांना खुलं केलं आणि आपल्या फ्नॉम पेन्हच्या दूतावासाच्या सूचनेतही त्या जिल्ह्याबद्दल काही इशारा उरला नाही. मग कसं जायचं ते सांगते, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण लोक इतक्या लांब जातात आणि तासाभरात उरकून खाली येतात.

सिएम रीपहून 200 किलोमीटरच्या वर अंतर, रस्ता चांगला आहे, तीन ते चार तास लागतात. एका दिवसात जाऊन-येऊन करणारे पुष्कळ आहेत, मी करत नाही, कारण मग तुम्ही बरोबर टळटळीत उन्हात वर पोचता आणि परत फिरायची घाई सुरू होते. पायथ्याच्या अलीकडे स्रा एम म्हणून छोटं गाव आहे, तिथे साधी गेस्टहाऊस आहेत, तिथे रात्र काढायची आणि सकाळी लवकर वर. आदल्या दिवशी येताना वाटेत बेंग मेलिया आणि कोह केर होतं, तेही दोन्ही उत्तम. तिकीट पायथ्याशी मिळतं, अंगकोरचा पास इथे चालत नाही. लढाईच्या आधीचा दर परदेशी माणसाला 10 डॉलर होता, पासपोर्ट दाखवावा लागायचा, आणि वरचा शेवटचा पाच-सहा किलोमीटरचा घाट इतका उभा आहे की आपली गाडी वर नेऊ देत नाहीत, तिथलीच मोटरसायकल नाहीतर पिकअप घ्यावी लागते, मोटरसायकलला 5 आणि अख्ख्या पिकअपला 25 डॉलर. आईंसाठी पिकअपच, आणि त्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा, मागच्या हौद्यात धरून बसायला लागतं. डॉलरच्या नोटा नव्या कोऱ्या न्या, जरा फाटलेली, शाईचा डाग असलेली नोट कंबोडियात कुणी घेत नाही, यावरून आमच्या गटातल्या लोकांची दरवेळी चिडचिड होते.

गाडी वर सोडते तिथून बरेच गाइड सरळ वरच्या अंगाला चालायला लागतात. तुम्ही तसं करू नका. आधी उत्तरेला थोडं खाली उतरून त्या मोठ्या जिन्यापाशी जा, 162 पायऱ्या आहेत, काही तर जागच्या कातळातच कोरून काढलेल्या. सगळ्या उतरायची गरज नाही, पण तिथून वर तोंड करून एकदा बघा, म्हणजे हजार वर्षांपूर्वी पठारावरून येणाऱ्या माणसाला काय दिसत असेल ते कळतं. जिना संपला की दोन्ही बाजूंना सात फण्यांचे लांबलचक नाग पसरलेले, त्यांची शेपटं मागे पार पुढच्या गोपुराकडे.

पहिलं लागतं ते पाचवं गोपुर, अभ्यासकांनी आकडे वरून खाली दिलेत म्हणून असं उलटं. चारी बाजूंनी मोकळं, नुसते खांब आणि त्यावर त्रिकोणी दर्शनी भाग, त्याची टोकं वर वळलेली. छप्पर नाही, ते लाकूड आणि कौलांचं होतं, कधीच गेलं. मला हा भाग फार आवडतो कारण दगडात केलेली लाकडी बांधणी इथे उघडी दिसते, तुळईच्या खाचा, सांधे सगळं. कंबोडियाच्या 2000 रिएलच्या एका नोटेवर या देवळाचं चित्र आहे, खिशात असली तर काढून ताडून बघा, मुलांना हे आवडतं.

तिथून लांब चढती वाट, डावीकडे पायऱ्यांची दगडी पुष्करणी, आणि मग चौथं गोपुर. इथे सगळे चुकतात. दारातून आत जातात, पलीकडे बाहेर पडतात आणि सरळ पुढे चालायला लागतात. या देवळातलं सगळ्यात सुंदर शिल्प त्या गोपुराच्या दक्षिण अंगाला आहे, म्हणजे पार होऊन मागे वळल्याशिवाय ते दिसतच नाही. वर दर्शनी त्रिकोणात समुद्रमंथन आहे. अंगकोर वाटचं प्रसिद्ध मंथन जवळजवळ 50 मीटर लांब भिंतभर पसरलंय, इथे तोच प्रसंग हातभर जागेत बसवायचा होता, मग कोरणाऱ्याने काय केलंय बघा: खाली कासव, त्याच्यावर रवी उभी खांबासारखी, विष्णू तिला कवटाळून धरलेला, आणि वासुकीला दोन्हीकडून ओढणारी मंडळी त्रिकोणाच्या उतरत्या बाजूप्रमाणे लहान लहान होत गेलेली. ओढण्याचा ताण त्यांच्या कमरेत दिसतो. त्याच्या खालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू. शंकराच्या देवळात ही दोन्ही दृश्यं, आणि आपल्या लोकांना ती ओळखायला गाइड लागत नाही, हा अनुभव मी दर गटाबरोबर घेते, कुणीतरी आजी आधी बोट दाखवतात आणि मग कंबोडियन गाइड त्यांचं ऐकत उभा राहतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो तेव्हा साधारण अकराच्या पुढे या शिल्पावर तिरका उजेड येतो, फोटो तेव्हाच काढा, सकाळी लवकर ते सावलीत सपाट दिसतं.

पुढे तिसरं गोपुर, हे सगळ्यात मोठं, दोन्ही बाजूंना दालनं, आणि इथेच गोवर्धन उचललेला कृष्ण शोधा. दुसरं आणि पहिलं गोपुर म्हणजे आतलं आवार. ओवऱ्यांच्या खिडक्या सगळ्या आत उघडतात, बाहेरची भिंत बंद. गाभाऱ्याचा मनोरा कोसळलाय, मोठमोठ्या चिऱ्यांचा ढीग आहे तिथे, पण त्याच्या पुढचा मंडप शाबूत आहे आणि त्याच्या दारावर नाचणारा शिव. दिवाकरपंडित म्हणून दुसऱ्या सूर्यवर्म्याचे राजगुरू होते, राजाच्या वतीने ते तीर्थयात्रा करत दानधर्म करत फिरले, आणि त्यांनी या शिखरेश्वराला नाचत्या शंकराची सोन्याची मूर्ती अर्पण केली असं इथल्या शिलालेखात आहे. मूर्ती अर्थातच आता नाही. शिलालेख संस्कृत आणि ख्मेर दोन्हींत आहेत आणि कालगणना शक संवताची, आपल्या पंचांगात असते तीच. पहिल्या सूर्यवर्म्याने 1018 मध्ये, म्हणजे शके 940 ला, स्वतःच्या नावाची सूर्यवर्मेश्वर लिंगं राज्यात वेगवेगळ्या ठिकाणी स्थापली त्यातलं एक इथलं. जागा मात्र त्याच्याही आधीची, नवव्या शतकाच्या शेवटी यशोवर्म्याच्या काळात इथे आश्रम होता. आज उभं दिसतं ते बहुतेक अकराव्या-बाराव्या शतकातलं.

गाभाऱ्यात आता बौद्ध पूजा चालते, उदबत्त्या असतात, कधी एखादे भिक्खू मनगटावर दोरा बांधतात. दोरा बांधून घ्या, नमस्कार करा, स्तोत्र हळू आवाजात म्हणा, कुणी अडवत नाही. पण कृपा करून कुंकू लावू नका, तेल-पाणी वाहू नका, नारळ फोडू नका. वालुकाश्म आहे तो, हळदकुंकवाचा रंग त्यात मुरतो तो निघत नाही. आमच्याकडच्या काही मंडळींना हे आवडत नाही, देव आहे तर पूजा का नको म्हणतात, पण त्या दगडाची निगा राखण्यात आपल्या देशाचाही हात आहे, 2014 मध्ये स्थापन झालेल्या प्रेह विहिअरच्या आंतरराष्ट्रीय समन्वय समितीचे भारत आणि चीन सहअध्यक्ष आहेत, आणि डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या जतनाच्या सोयींचं नुकसान झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल चिंता व्यक्त केली होती. आपणच रंग लावून आलो तर काय अर्थ आहे.

गाभाऱ्यामागे कड्याकडे दार नाही. बाजूने वळसा घालून टोकावर यावं लागतं. कठडा नाही, वारा जोराचा असतो, मुलाला सेल्फीसाठी कडेला जाऊ देऊ नका. खाली पसरलेलं मैदान दिसतं ते बघत जरा बसा, मी तिथे गटाला वीसेक मिनिटं नुसतं बसायला सांगते. आणि एक गोष्ट तिथे सांगतेच. 1979 च्या जूनमध्ये थायलंडने आपल्याकडे आलेल्या 40 हजारांहून जास्त कंबोडियन निर्वासितांना बसने इथे आणून याच डोंगरावरून बळजबरीने खाली उतरवलं. खाली सुरुंग पेरलेले होते. त्यात फार माणसं मेली. बहुतेक पर्यटकांना हे ठाऊकच नसतं, आणि मला वाटतं ते ठाऊक असल्याशिवाय त्या कड्यावर उभं राहू नये.

सुरुंगांवरून, पायवाट सोडून एक पाऊलही इकडेतिकडे जायचं नाही. अगदी लघवीला सुद्धा नाही, टॉयलेट पायथ्याशीच उरकून या. हा डोंगर 1975 मध्ये लॉन नोल सरकारच्या सैन्याचं शेवटचं ठाणं होतं, मग त्यांच्याशी लढणाऱ्या कम्युनिस्ट ख्मेर रूजकडे गेला, त्यांच्या शेवटच्या तुकड्यांनी डिसेंबर 1998 मध्ये शरणागतीची बोलणी केली तीही इथेच, त्यामुळे प्रत्येक पिढीने आपापले सुरुंग पेरलेत. कवटीचा लाल बोर्ड दिसला की तिथेच थांबायचं, आणि बोर्ड दिसला नाही म्हणजे सुरक्षित असं धरायचं नाही. 2025 मध्येही गस्तीवरच्या सैनिकांचे पाय गेलेत. ड्रोन न्यायचाच नाही, सरहद्दीवर ड्रोन म्हणजे हेरगिरी. सैनिकांचे, खंदकांचे, वाळूच्या पोत्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गाइडला "खरं तर हे कुणाचं हो?" असं गमतीत विचारू नका, त्याचा भाऊ किंवा मेहुणा सैन्यात असायची शक्यता बरीच असते.

आईंबद्दल. गुडघे ठीक असतील तर पाचवं आणि चौथं गोपुर त्या आरामात बघतील, मधली वाट लांब आणि चढती आहे, दगड उंचसखल, सावली जवळजवळ नाही. छत्री, काठी आणि माणशी दोन लिटर पाणी. त्यांना समुद्रमंथनापर्यंत न्या आणि तिथे ओवरीच्या सावलीत बसवून तुम्ही दोघं वर जाऊन या. पूर्वेच्या कड्याने खालून वर येणारा एक जुना मार्ग आहे, त्याला आता लाकडी जिना केलाय, दोन हजारांहून जास्त पायऱ्या, तो मुलाला उतरायला द्यायचा का नाही हे त्या वेळी तो उघडा आहे का यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, एप्रिलमध्ये दगड अक्षरशः पोळतो, पावसाळ्यात ढगात काहीच दिसत नाही. शाकाहारी असाल तर स्रा एमला भात आणि परतलेल्या भाज्या मिळतात पण माशाचा सॉस सगळ्यात असतो, सांगूनही पडतो, म्हणून दशम्या, चटणी, भडंग बरोबर ठेवाच.

तर मग या हिवाळ्यात काय करायचं? सिएम रीपला मुक्काम वाढवा. बांतेय स्रेइ सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, 967 सालचं आहे, प्रेह विहिअरसारखेच वर वळलेले त्रिकोण इथे गुलाबी दगडात आणि हाताच्या अंतरावर बघायला मिळतात. एक पूर्ण दिवस बेंग मेलिया आणि कोह केरला द्या. कोह केर ही 928 ते 944 या काळातली राजधानी, सात टप्प्यांचा 36 मीटर उंच पिरॅमिड आहे, 2023 मध्ये जागतिक वारसा झालं, प्रेह विहिअर प्रांतातच आहे पण सरहद्दीपासून बरंच आत. तरी निघायच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरला रस्त्याची चौकशी करायला लावाच. बांतेय च्मार मात्र यंदा सोडा, ते सरहद्दीला फार जवळ आहे.

डोंगरावरचा शंकर बघायचाच असा हट्ट असेल तर लाओसमधलं वाट फू करा. पाक्सेला विमानाने जाता येतं, तिथून चंपासाक गाडीने तासाभरावर. डोंगराच्या माथ्यावरच निसर्गाने लिंगासारखा सुळका काढलाय, ख्मेर राजे त्याला लिंगपर्वत म्हणत, आणि तिथला भद्रेश्वर हाच शिखरेश्वराच्या रूपाने प्रेह विहिअरला प्रकटला अशी त्या काळची श्रद्धा होती, त्यामुळे तुम्ही एका अर्थी मूळ ठाण्यालाच जाता. देवळामागच्या कातळातून झरा येतो, त्याचं पाणी दगडी पन्हळीने थेट लिंगावर पडेल अशी योजना होती, ती पन्हळीची जागा अजून बघता येते. पायऱ्या बऱ्याच आहेत, दोन्ही बाजूंना चाफ्याची झाडं, आईंना सकाळच्या वेळी थांबत थांबत जमेल.

थायलंडमध्येच दोन दिवस असतील तर फिमाई उत्तम, नाखोन राचासिमा प्रांतात, बँकॉकहून गाडीने सकाळी निघून दुपारी पोचता. फ्नॉम रुंगही सुंदर आहे, शिकागोच्या संग्रहालयातून 1988 मध्ये परत आलेली शेषशायीची पट्टी तिथे परत दारावर बसवलीय, पण बुरीराम प्रांत सरहद्दीचा आहे, 2025 च्या जुलैमध्ये आपल्या बँकॉकच्या दूतावासाने ज्या सात प्रांतांत जाणं टाळायला सांगितलं त्यात तोही होता. म्हणून निघायच्या आधी दूतावासाची ताजी सूचना वाचा, हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा, आणि प्रवास विम्याच्या कागदात युद्धाबद्दलचं कलम शोधून वाचा, बहुतेक विम्यांत लढाईमुळे झालेलं नुकसान धरत नाहीत, आणि सरकारने जाऊ नका म्हटलेल्या भागात गेलात तर वैद्यकीय खर्चही अडकतो. एजंट म्हणाला "काही होत नाही, मी नेतो" तर त्याच्याकडून हे लेखी मागा, म्हणजे तो स्वतःच वाट बदलेल.